जंतू मारावा, पण त्याची ओळख राखावी

ठाण्याहून बाळकुमच्या वाटेने निघून कशेळीचा पूल ओलांडला, की खाडीच्या काठाने काल्हेर गाव लागते. भिवंडी तालुक्यातील हे गाव पूर्वी भातखाचरांचे. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांस गोदामांच्या रांगा उभ्या आहेत आणि मालमोटारींची ये-जा रात्रंदिवस चालू असते. तथापि तालुक्यातील गोठे व म्हशी नाहीशा झालेल्या नाहीत. ठाणे-मुंबईच्या दारी जाणाऱ्या दुधात येथील गोठ्यांचाही वाटा आहे. दाटीने बांधलेल्या जनावरांत लाळखुरकुत शिरले तर ते एका दावणीवर थांबत नाही. तोंडात व खुरांच्या बेचक्यांत फोड येतात, जनावर चारा सोडते, लाळ गाळते, लंगडते. थोर जनावर बहुधा वाचते. पण पारडी दगावतात आणि म्हशीचे आटलेले दूध त्या वेतात पूर्ववत येईलच असे नसते.

ह्या रोगाची लस वर्षातून दोनदा, दर सहा महिन्यांनी, टोचावयाची असते. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ती सरकारी खर्चाने टोचली जाते. पथक गोठ्यात आले म्हणजे मालकाची पहिली तक्रार दुधाची असते. दुसरा प्रश्न तो जरा आवाज खाली आणून विचारतो : “डॉक्टरसाहेब, दोन दिवस दूध कमी आले तर ते आम्ही सोसू. पण ह्या बाटलीत तोच रोग भरलेला असतो म्हणतात. तो मेलेला आहे, हे तुम्ही कशावरून सांगता?”

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झिडकारू नये. लसनिर्मितीच्या साऱ्या इतिहासात शास्त्रज्ञांनी स्वतःला वारंवार विचारलेला प्रश्न हाच आहे. जंतू पुरता मेला नाही तर लसच रोग देते; आणि तो फार मारला, म्हणजे त्याचे अंगरूपच बिघडून गेले, तर जनावराच्या शरीराला शत्रूची ओळख पटत नाही व लस पाण्यासारखी निरुपयोगी ठरते. ह्या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे. ती वाट उष्णतेने शोधली गेली, रसायनांनी शोधली गेली, आणि गेली कित्येक वर्षे किरणांच्या साहाय्यानेही शोधली जात आहे. किरणांच्या ह्या प्रयोगांची माहिती ग्रामसेवकांस व पशुपालकांस असणे इष्ट होय. कारण किरण म्हटले की मनात भय उभे राहते आणि लस म्हटले की शंका. दोन्ही एकत्र आली तर अफवेला वेळ लागत नाही.

परळच्या प्रयोगशाळेतील धडा

काल्हेरपासून काही कोसांवर, मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे. तिचे मूळ पुरुष वाल्डेमार हाफकिन हे १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा मुंबईस आले. त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढविले, उष्णता देऊन ते मारले आणि ती लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मारलेल्या जंतूंची लस साथीच्या काळात मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचे जगातील आरंभीचे काम आपल्या ह्या शहरात झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

त्याच लसीने १९०२ साली एक कठीण प्रसंग आणला. पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. ठपका प्रयोगशाळेवर आला. कार्बोलिक आम्ल न वापरता केवळ उष्णतेवर भरवसा ठेवला म्हणून जंतू राहिले, असा आक्षेप घेतला गेला आणि हाफकिन यांस पद सोडावे लागले. पुढे पुराव्याची छाननी झाली. बाटलीचे बूच काढताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला, हे पुढे आले. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. परंतु मधल्या काळात लसीवरील विश्वासाची जी हानी झाली ती झालीच. कारखान्यात जंतू मारण्याची रीत आणि गोठ्यात लस टोचण्याची रीत ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. कोणतेही सुटले तरी मोळी विस्कटते.

उष्णतेचा दोष सर्वांच्या परिचयाचा आहे. अंडे उकडले म्हणजे आतले द्रव्य घट्ट होते, ते पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. जंतूच्या अंगावरील प्रथिनांचेही असेच होऊ शकते. म्हणून पुढे फॉर्मॅलिनचा वापर वाढला. फॉर्मॅलिन जंतूच्या बाह्यांगाला व आतील द्रव्याला जखडून टाकते. परंतु ते काम सावकाश होते, आणि विषाणूंचे लहान पुंजके बनले तर पुंजक्याच्या गाभ्यातील विषाणू सुटून जाण्याचा संभव राहतो. १९८० च्या दशकात युरोपातील लाळखुरकुताच्या काही साथींचा माग काढला, तेव्हा त्यांतील विषाणू शेतात हिंडणाऱ्या विषाणूशी न जुळता लसीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या वाणांशी जुळले. अपुऱ्या निष्क्रिय झालेल्या लसीकडे आणि प्रयोगशाळांतून झालेल्या गळतीकडे त्यामुळे बोट दाखविले गेले. त्यानंतर फॉर्मॅलिन मागे पडले व बायनरी एथिलिनइमाइन हे रसायन सर्वत्र रूढ झाले. हे रसायन विषाणूच्या आतील आनुवंशिक द्रव्यावर घाव घालते आणि त्याचे आवरण बव्हंशी तसेच राहू देते. आपल्या देशात आज टोचली जाणारी लाळखुरकुताची लस ह्याच रीतीने तयार होते. ती किरणांनी केलेली नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगितलेले बरे. तीत ओ, ए व एशिया-१ ह्या तीन प्रकारांचे निष्क्रिय विषाणू असतात. रसायनाचे काम झाल्यावर ते उदासीन करावे लागते, आणि लसीच्या प्रत्येक घाण्यात एकही जिवंत विषाणू उरलेला नाही ह्याची परीक्षा घेऊनच बाटल्या भरल्या जातात. गोठेवाल्याच्या प्रश्नाला द्यावयाचे पहिले उत्तर हेच.

किरण नेमके काय करतात

लासलगावचा कांदा आपल्या परिचयाचा आहे. तेथील किरणप्रक्रिया केंद्रात कांद्याला सुमारे ६० ते ९० ग्रे इतकी गॅमा किरणांची मात्रा देतात. ग्रे हे किरणमात्रेचे माप आहे. एक हजार ग्रे म्हणजे एक किलोग्रे. ही मात्रा दिलेला कांदा दिसावयास कांदाच असतो, फोडणीस टाकला तर वासही तोच. मात्र त्याला कोंब फुटत नाही. वाढीची आज्ञा देणारे जे सूक्ष्म द्रव्य त्याच्या अंकुरात असते, त्याचे धागे किरणांनी तुटलेले असतात. लसीसाठी जंतूला किरण देण्यामागील कल्पना ह्याहून निराळी नाही. जंतूचे बाह्यरूप जसेच्या तसे राहावे, शरीराने त्याला पाहून आपली फौज सज्ज करावी. परंतु त्याला एकाचे दोन होता येऊ नये.

मात्रा किती द्यावी हे जंतूच्या आकारमानावर पुष्कळसे अवलंबून असते. गारांचा वर्षाव मोठ्या शेतावर झाला तर थोड्याच गारांत पिकाची नासाडी होते. परंतु एखाद्या लहान कुंडीवर नेमकी गार पडावी यासाठी फार मोठा वर्षाव व्हावा लागतो. जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याचेही तसेच आहे. कृमीच्या अळीला वांझ करण्यास काही शेकडा ग्रे पुरतात. जीवाणूंना काही हजार ग्रे लागतात. विषाणू तर इतका लहान, की त्याला कित्येक दशसहस्र ग्रे द्यावे लागतात. तुलनेसाठी सांगावयाचे तर, माणसाच्या सर्वांगावर चार-पाच ग्रे एकदम पडले तरी उपचारांवाचून जीव वाचणे कठीण. म्हणून हे काम जाड काँक्रीटच्या भिंतींआड चालते, आणि किरणांचा उगम असलेल्या कोबाल्ट-६० च्या पोलादी कांड्या काम नसताना खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गॅमा किरण दिलेली वस्तू स्वतः किरण फेकू लागत नाही. दिवा मालवल्यावर भिंतीवर उजेड उरत नाही, तशातलाच हा प्रकार. कांडी हौदात गेली की कांद्यात, सुईत किंवा लसीत किरणांचा लवलेश राहत नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण पाण्यात आहे. जंतू ज्या द्रवात असतात त्यात बहुतांश पाणीच असते. किरण पाण्याच्या कणांना फोडतात व त्यांतून अतिशय उपद्रवी असे तुकडे निर्माण होतात. ते तुकडे प्रथिनांना झोंबून जंतूचे बाह्यरूपही विद्रूप करतात. म्हणजे उष्णतेचा दोष दुसऱ्या दाराने आत येतो. ह्यावर एक उपाय असा, की द्रव घट्ट गोठवून मग किरण द्यावेत. बर्फात ते तुकडे फिरू शकत नाहीत आणि प्रथिने पुष्कळशी बचावतात.

दुसरा उपाय एका चिवट जीवाणूने शिकविला. १९५६ साली अमेरिकेतील ओरेगॉन येथे डबाबंद मांस किरणांनी निर्जंतुक करण्याचे प्रयोग चालू होते. भरपूर मात्रा देऊनही एका डब्यातील मांस नासले. आत जो जीवाणू जिवंत सापडला त्याला पुढे डायनोकॉकस रेडिओड्युरान्स असे नाव मिळाले. माणूस ज्या मात्रेने मरेल तिच्या हजारपट मात्रा तो सहज पचवितो. त्याच्या शरीरात मँगनीज धातू व प्रथिनांचे लहान तुकडे यांचा एक संयोग असतो आणि तो त्याच्या प्रथिनांचे रक्षण करतो, असे पुढील संशोधनात दिसून आले. अमेरिकन शास्त्रज्ञांनी हाच संयोग प्रयोगशाळेत बनवून रोगजंतूंच्या द्रवात मिसळला आणि मग किरण दिले. जंतूंचे आनुवंशिक द्रव्य नष्ट झाले, प्रथिने शाबूत राहिली, व अशा लसीने उंदरांना संरक्षण मिळाले. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले. मांस नासविणाऱ्या जंतूकडून लस टिकविण्याची युक्ती मिळावी, हा योग मोठा चमत्कारिक खरा.

स्कॉटलंडची वासरे, काश्मीरची मेंढरे

किरणांनी बनविलेली लस ही केवळ प्रयोगशाळेतील गोष्ट आहे असे समजू नये. जनावरांच्या बाबतीत ती साठ वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. थंड व ओलसर प्रदेशांत गुरांच्या फुप्फुसात दोऱ्यासारखे कृमी होतात. शेणातून बाहेर पडलेल्या अळ्या गवतावर चढतात, चरताना पोटात जातात, आतड्याची भिंत भेदून फुप्फुसात पोहोचतात; मग वासरू ढास लागून खंगते. ग्लासगो विद्यापीठातील जॅरेट, अर्कहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या अळ्यांना क्ष-किरणांची सुमारे ४०० ग्रे मात्रा देऊन पाहिली. अशा अळ्या मरत नाहीत. त्या वळवळतात, आतड्यातून शरीरात प्रवेशही करतात. परंतु मोठ्या होऊन अंडी घालण्यापूर्वी बहुतेक सर्व मरतात. तेवढ्या मुक्कामात वासराचे शरीर शत्रूला नीट ओळखून ठेवते.

मात्रेचे महत्त्व येथे फार चांगले ध्यानात येते. मात्रा कमी पडली तर बऱ्याच अळ्या पूर्ण वाढून वासराला आजार देत. अधिक झाली तर अळ्या इतक्या दुबळ्या होत की शरीराला त्यांची दखलच घ्यावी लागत नसे. योग्य मात्रा ठरल्यावर १९५९ च्या सुमारास ही लस ब्रिटनच्या बाजारात आली. सुमारे एक हजार अळ्यांचा एक घोट, आणि चार आठवड्यांनी तसाच दुसरा. ती टोचावयाची नसते, पाजावयाची असते. तिच्यात जिवंत अळ्या असल्यामुळे ती फार दिवस टिकत नाही, आणि ह्या अळ्या मिळविण्यासाठी वासरे पाळावी लागतात. तरीही तिचा वापर अद्याप चालू आहे.

आपल्या देशातही हे झाले आहे. काश्मीरमधील मेंढरांना अशाच प्रकारच्या, परंतु निराळ्या जातीच्या, फुप्फुसकृमीचा उपद्रव होतो. १९७० नंतरच्या काळात तेथे भारतीय पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी गॅमा किरण दिलेल्या अळ्यांची लस तयार करून कोकरांना पाजली व तिचा गुण आल्याचे दाखवून दिले. उंच कुरणांवर जाणाऱ्या कळपांसाठी, जेथे औषधे घेऊन माणूस वेळेवर पोहोचत नाही, तेथे हे साधन मोलाचे होते.

आंबा उत्पादकांस ह्या ४०० ग्रेच्या आकड्यात एक गंमत दिसेल. २००७ साली लासलगावच्या केंद्रातून किरणप्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेस रवाना होऊ लागला. त्या देशाने आंब्यासाठी घातलेली किमान मात्राही ४०० ग्रेच आहे. कोयीतील भुंगा त्या मात्रेने तत्काळ मरेलच असे नाही. परंतु त्याचा वंश पुढे चालत नाही. फळातील कीड आणि लसीतील अळी, दोघींच्या बाबतीत हेतू एकच.

माणसांच्या हिवतापावरही ह्याच वाटेने प्रयत्न झाले. किरण दिलेले हिवतापाचे परोपजीवी टोचल्यास उंदरांना संरक्षण मिळते, हे १९६७ साली अमेरिकेत दिसले. १९७३ च्या सुमारास माणसांवरील लहान प्रयोगांतही तसेच आढळले. त्यावर आधारलेल्या लसीच्या चाचण्या अलीकडे आफ्रिकेतही झाल्या आहेत.

तुर्भ्याचे केंद्र आणि हातातील सुई

काल्हेरच्या पशुपालकाने किरण कधी पाहिले नसतील; परंतु त्यांचा लाभ त्याच्या गोठ्यात अनेकदा येऊन गेलेला असण्याचा संभव आहे. मुंबईत तुर्भे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात, आयसोमेड नावाचे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारे हे देशातील पहिले केंद्र. प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या, सुया, हातमोजे, जखमेच्या पट्ट्या इत्यादी वस्तू खोक्यात बंद करून, खोके न उघडता, त्यांवर किरण सोडतात. साधारणतः २५ किलोग्रे मात्रा त्यासाठी प्रमाण मानली जाते. उष्णतेने वितळणारे प्लॅस्टिकही ह्या रीतीने निर्जंतुक होते. त्यामुळे एकदा वापरून टाकावयाच्या सुयांचा प्रसार सुलभ झाला. मुल्कोवालच्या चिमट्याची आठवण ठेवली तर ह्या गोष्टीचे मोल ध्यानात येईल.

लसनिर्मितीत आणखी एके ठिकाणी किरण कामास येतात. विषाणू वाढवावयाचे तर जिवंत पेशी लागतात, आणि त्या पेशींना खाद्य म्हणून वासराच्या रक्तातील निवळ द्यावी लागते. त्या निवळीत एखादा लपलेला विषाणू असला तर तो लसीत उतरावयाचा. म्हणून अशी निवळ गोठलेल्या स्थितीत गॅमा किरणांखाली ठेवून शुद्ध करून घेण्याची पद्धत जगभर रूढ आहे.

अजून सर्वत्र का नाही

इतके असूनही लाळखुरकुताची लस किरणांनी का बनवीत नाहीत, असे कोणी विचारील. विषाणू लहान, मात्रा मोठी, गोठविण्याचा खर्च निराळा. शिवाय लाळखुरकुताचा जिवंत विषाणू अतिसुरक्षित इमारतीबाहेर काढता येत नाही आणि कोबाल्टचे केंद्र अशा इमारतीत बांधणे सोपे नाही. चालू रसायनाने काम उत्तम होत असताना नवे साधन आणावयाचे तर ते तितकेच खात्रीचे व स्वस्त ठरले पाहिजे. ह्यासाठी जर्मनीत कोबाल्टऐवजी मंद शक्तीच्या इलेक्ट्रॉन झोतांचे प्रयोग झाले आहेत. ती यंत्रे विजेवर चालतात, कळ बंद केली की किरण बंद, आणि ती प्रयोगशाळेत बसविता येतात. तो झोत द्रवात फार खोल शिरत नाही, म्हणून द्रव अगदी पातळ थराने वाहवावा लागतो. ऑस्ट्रियातील सायबर्सडॉर्फ येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची संयुक्त प्रयोगशाळा आहे; तेथे पशुरोगांवरील अशा लसींचा अभ्यास चालतो.

परंतु ज्या रोगात किरणांचा उपयोग ग्रामीण कार्यकर्त्याच्या अगदी हाताशी येऊन भिडतो, तो रोग निराळा : सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस. ह्याची लस चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना जन्मात एकदाच टोचतात. ह्या लसीतील जंतू मेलेला नसतो. तो दुबळा केलेला, पण जिवंत असतो. मारलेल्या जंतूंच्या लसी ह्या रोगात फारशा उपयोगी पडल्या नाहीत, कारण हा जंतू पेशींच्या आत दडून राहतो आणि त्याला शोधण्याची सवय शरीराला जिवंत जंतूकडूनच चांगली लागते. परिणामी धोका उरतो तो टोचणाऱ्याला. सुई स्वतःच्या बोटात गेली किंवा लसीचा थेंब डोळ्यात उडाला तर माणसाला तो रोग होऊ शकतो. आठवडेच्या आठवडे येणारा ताप व सांधेदुखी मागे लागते.

येथे किरण मधली वाट दाखवितात. परदेशातील प्रयोगांत ह्या जातीच्या जंतूंना काही किलोग्रे गॅमा किरण दिले असता एक विलक्षण अवस्था आढळली : जंतूंचा श्वासोच्छ्वास व अंतर्गत व्यवहार काही काळ चालूच राहतात, मात्र त्यांचे विभाजन होत नाही. म्हणजे शरीराच्या दृष्टीने तो जिवंत आणि रोगाच्या दृष्टीने मेलेला. उंदरांत अशा जंतूंनी चांगले संरक्षण दिले. गोठ्यापर्यंत ही लस अद्याप आलेली नाही. जेव्हा येईल तेव्हा तिचा सर्वांत मोठा लाभ टोचणाऱ्याच्या बोटांना होईल.

तोवर जी लस हाती आहे ती तिच्या नियमाने वापरली पाहिजे. लाळखुरकुताची बाटली २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी. ती उन्हात तापू देऊ नये, तशीच गोठूही देऊ नये. गोठलेल्या लसीतील तेल व पाणी वेगळी होतात आणि मग ती हलवून पूर्ववत होत नाही. काल्हेरच्या रस्त्यावर गाड्यांची कोंडी झाली तर बर्फाची पेटी तासन् तास अडकून पडते, म्हणून बर्फ अदमासाने न भरता पुरेसा भरावा व बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नये. प्रत्येक जनावरास नवी सुई घ्यावी. ब्रुसेलाची लस टोचताना हातमोजे, तोंडावर पट्टी व डोळ्यांवर चष्मा असल्यावाचून बूच उघडू नये. जनावर दोघांनी नीट धरून ठेवावे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालण्याचा प्रयत्न करू नये, कारण बोटाला सुई लागते ती बहुधा त्याच वेळी. रिकाम्या बाटल्या गोठ्याच्या उकिरड्यात न टाकता पथकाने परत न्याव्यात. आणि चुकून सुई लागलीच तर जखम साबणाच्या पाण्याने पुष्कळ वेळ धुऊन, कोणती लस होती हे सांगून, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.